मदत हवी आहे: मिनाकाता कुमागुसूच्या वह्या पाहायला तानाबेत एकच दिवस आहे. काय पाहू, कसं वाचू?

वहीवेडी

नमस्कार मंडळी,

ओसाकाजवळ साकाईत राहते. इथली मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात या विषयातलं कोणी सापडेना, म्हणून धागा काढतेय. एका दिवाळी अंकासाठी मिनाकाता कुमागुसू (१८६७–१९४१) या निसर्ग-अभ्यासकावर लेख देते म्हणून कबूल करून बसलेय. ऑगस्टअखेर द्यायचाय आणि गाडी पहिल्याच पानावर अडली आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म वाकायामाचा, वडील व्यापारी. टोक्योला शिकायला गेला, कादंबरीकार नात्सुमे सोसेकी तिथे त्याच्या बरोबरीचा. हा परीक्षेत आपटला, शाळा सोडली आणि १८८६च्या अखेरीस अमेरिकेच्या बोटीत बसला. मिशिगन, फ्लोरिडा, क्यूबा करत १८९२ मध्ये लंडनला पोचला, आठ वर्षं राहिला, पदवी कसलीही न घेता १९०० मध्ये परत आला. मग काही वर्षं नाचीच्या जंगलात आणि १९०४ पासून शेवटपर्यंत तानाबे या किनाऱ्यावरच्या गावात.

किस्से तर पोत्यानं आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात मारामारी केली म्हणून बाहेर काढला. १९१० मध्ये देवळं वाचवण्याच्या भांडणात सभेत घुसला आणि अठरा दिवस कोठडीत बसला. १९२९ मध्ये सम्राटापुढे व्याख्यान दिलं आणि स्लाइम मोल्डचे (सडक्या लाकडावर वाढणारे, बुरशीसारखे दिसणारे चिकट जीव) ११० नमुने भेट दिले, तेही मोरिनागा कॅरॅमलच्या खोक्यांत घालून. एवढ्यावर झकास लेख होतो. जपानीतही ढिगानं झालेत. मला नेमका तोच लिहायचा नाही.

मला त्याच्या वह्यांवर लिहायचंय. लंडनमध्ये १८९५ पासून त्यानं पुस्तकांतले उतारे वह्यांत उतरवायला घेतले. अशा ५२ वह्या झाल्या, त्यांना 'लंडन नुकिगाकी' म्हणतात. नुकिगाकी म्हणजे वेचून लिहिलेलं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, जे पुस्तक ज्या भाषेत त्या भाषेत. प्रवासवर्णनं, लोककथा, चालीरीती, कामशास्त्र, सगळं. परत आल्यावर तानाबेत आणखी ६१ वह्या. शिवाय रोजनिश्या, पत्रं (१९२५ मधलं एक आत्मचरित्रवजा पत्र सात मीटरांहून लांब आहे!), पुस्तकं, नमुने. मुलगी फुमिए यांनी हे सगळं २००० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्याच घरात सांभाळलं. २००६ पासून घराला लागूनच संग्रहालय आहे, तिथे पंचवीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत.

आता अडचण. एका प्रदर्शनात वहीचं पान पाहिलं. समास नाही, मोकळी जागा नाही, मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं. आणि सगळं दुसऱ्यांचं लिहिलेलं! तीस-चाळीस वर्षं माणूस दुसऱ्यांची पुस्तकं उतरवून काढतोय, तर त्यात त्याचं काय? लहानपणी 'वाकान सानसाई झुए' हा १०५ खंडांचा सचित्र ज्ञानकोश दुसऱ्यांकडे वाचून, डोक्यात साठवून घरी येऊन उतरवला म्हणतात. म्हणजे ही खोडच. पण खोडीवर लेख कसा लिहायचा?

एका दिवसात तानाबेत काय पाहावं? 'नेनकिन' (म्हणजे स्लाइम मोल्ड) ला मराठीत काय म्हणू? देवळाभोवतीच्या रानाला 'चिंजु नो मोरी' म्हणतात, त्याला सरळ 'देवराई' म्हटलं तर चालेल का? आणि वर विचारलेला मोठा प्रश्न आहेच. माझं जपानी बाजारहाटापुरतं बरं आहे, जुनं हस्ताक्षर शून्य.

---

क्योटोकर

प्रवासाचं आधी. तेन्नोजीहून कुरोशिओ एक्स्प्रेस पकडा, कीइ-तानाबेला उतरा, दोन तासांच्या आसपास लागतात. सोमवार टाळा, बंद असतं. मूळ कागद बघायचे असतील तर नुसतं जाऊन उभं राहू नका. आधी मेल करून कोणती वही, कशासाठी ते कळवा. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. आणि शिराहामालाही याच माणसाच्या नावाचं दुसरं संग्रहालय आहे, टेकडीवर, समोर काशिमा बेट दिसतं. दोन्हींत गल्लत करू नका, मी केली होती. 😅

हस्ताक्षरासाठी मिवो नावाचं ॲप आहे, पण ते मुख्यतः एदो काळातल्या मजकुरावर शिकवलेलं आहे. याच्या अक्षरापुढे ते हात टेकतं.

घराच्या अंगणात वेळ काढाच. तिथे मोठा कापराचा वृक्ष आहे. त्याच्या नावातला 'कुसु' म्हणजे कापूरच. फुजिशिरोच्या देवळातल्या कापूरवृक्षाच्या देवाला वाहिलेलं नाव ते. देवळांची झाडं तोडायला निघाल्यावर हा इतका का पिसाळला, ते मला त्या झाडाखाली कळलं.

---

बुरशीबुवा

नेनकिनमधलं 'नेन' म्हणजे चिकट आणि 'किन' म्हणजे बुरशी. मराठीत पाठ्यपुस्तकी वळणानं 'श्लेष्मकवक' होईल, पण वाचक पहिल्याच ओळीत पळेल. 'स्लाइम मोल्ड' ठेवा आणि एकदा समजावून सांगा. पावसाळ्यात सडक्या ओंडक्यावर पिवळी धमक, कोणीतरी पिठलं सांडल्यासारखी गोष्ट दिसते ना, तीच. आणि ती बुरशी नाहीच, अमीबाच्या गोतावळ्यातली आहे, हे विसरू नका.

एक सावधगिरी. बुरशांची चित्रं बघायला तानाबेला जात असाल तर निराशा होईल. साडेतीन हजारांच्या आसपास कागद आहेत. प्रत्येकावर जलरंगातलं चित्र, बाजूला इंग्रजीत वर्णन, आणि खुद्द बुरशीचा वाळवलेला काप त्याच कागदाला चिकटवलेला, बीजाणूंची पुडीसुद्धा. तो ठेवा त्सुकुबाच्या राष्ट्रीय निसर्ग-विज्ञान संग्रहालयाकडे आहे.

मात्र अंगणातलं पर्सिमनचं झाड लेखात हवंच. १९१७ मध्ये त्याच झाडावर त्याला एक स्लाइम मोल्ड मिळाला. लंडनच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी १९२१ मध्ये त्याला मिनाकातेल्ला लाँगिफिला नाव दिलं. आख्खी प्रजाती याच्या आडनावानं, आणि सापडली कुठे, तर परसात!

तुमच्या मोठ्या प्रश्नाला माझ्याकडून एवढंच. हा पुढे एका पत्रात लिहितो की स्लाइम मोल्ड घट्ट होऊन देठ-बोंडं धरतो तेव्हा लोक म्हणतात, आता हा जिवंत झाला. प्रत्यक्षात ती बोंडं बीजाणू राखण्यापुरती. जिवंत असतो तो आधीचा लिबलिबीत गोळा, ज्याला लोक मेलेला समजतात. वह्यांकडे बघताना हे आठवा.

---

रहाटी

देवराई लिहा, बिनधास्त. आमच्याकडे तळकोकणात देवरहाटी म्हणतात. देवाच्या नावानं राखलेलं रान, कुऱ्हाड लावायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर जे लिहिलं, ते वाचून कुमागुसूचं १९११ चं पत्र वाचा, अंगावर काटा येतो. वाकायामाच्या गव्हर्नरला लिहिलेलं पत्र आहे. शेकडो वर्षं कुऱ्हाड न लागलेल्या देवरानात झाडाझुडपांचे एकमेकांशी संबंध फार घट्ट आणि गुंतागुंतीचे असतात, आणि त्यांचा अभ्यास करणारं 'एकोरोगी' (म्हणजे इकॉलॉजी) नावाचं शास्त्रही आता निघालं आहे, असा त्याचा आशय. १९०६ च्या सरकारी फतव्यानं गावोगावची लहान देवळं एकत्र करायला घेतली होती. देशभरात सत्तर हजारांच्या घरात देवळं गेली, आणि देऊळ गेलं की मागचं रान लाकडाच्या भावात.

---

क्योटोकर

@रहाटी, थोडी असहमती. देवराईत मालकी आणि रीतीभाती गावागणिक वेगळ्या असतात, तशाच इथेही. 'देवराई' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर वेताळ आणि सातेरी येणार. पहिल्यांदा 'चिंजु नो मोरी, म्हणजे जपानी देवराई' असं लिहा, मग खुशाल देवराई म्हणा.

---

जुनापिंपळ

ताई, मोठ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच असेल. आजोळी कोणी कीर्तनकार असेल तर त्यांचं बाड आठवा. अभंग तुकोबांचे, ओव्या ज्ञानोबांच्या, आख्यानं कोणाकोणाची, बुवांचं स्वतःचं एक अक्षर नाही. तरी दोन बुवांची बाडं शेजारी ठेवली तर कोणतं कोणाचं ते गावातलं पोरही सांगेल. कोणत्या अभंगाशेजारी कोणता लिहिला, ते बुवांचं असतं. उभं राहिल्यावर ऐनवेळी हाताशी हवं म्हणून बाड लिहायचं असतं.

कुमागुसू कशासाठी उभा राहत होता ते बघा. 'नेचर'मधला त्याचा पहिला लेख १८९३ चा, पूर्वेकडच्या नक्षत्रांवर. तो सुचला कशावरून? एका वाचकानं त्याच नियतकालिकात प्रश्न विचारला होता, त्याला हे उत्तर! पुढे 'नेचर'मध्ये पन्नासएक टिपणं आली. 'नोट्स अँड क्वेरीज'मध्ये तर तीनशेहून जास्त. हे नियतकालिक म्हणजे शुद्ध प्रश्नोत्तरं. एकानं विचारायचं, अमुक समजूत तुमच्याकडे आहे का, आणि जगभरातून वाचकांनी उत्तरं धाडायची. आपण इथे करतोय तेच, फक्त टपालानं. तानाबेला परतल्यावरही त्याची उत्तरं लंडनला जातच होती. ती कुठून येणार? वह्यांतून.

म्हणून वही पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, वेडे व्हाल. उत्तराकडून मागे जा. एक छापील लेख घ्या. १९१४ मध्ये वाघावर लिहून त्यानं बारा राशीप्राण्यांची लेखमाला सुरू केली, तो घ्या. त्यात जातककथा, चिनी ग्रंथ, युरोपी प्रवासी शेजारी शेजारी बसलेत. त्यातला एकच उतारा निवडा आणि मेलमध्ये विचारा, हा कोणत्या वहीत आहे? तेवढं एक पान बघा. वरचा आणि खालचा उतारा काय आहे तेही टिपून आणा. लेख तिथे आहे.

---

वहीवेडी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू! जुनापिंपळकाका (काकाच ना?), आईचे वडील खरंच कीर्तन करायचे, सांगलीकडे. बाड अजून मामाकडे आहे, लाल फडक्यात. काल रात्री मामाला व्हिडिओ कॉल करून दोन पानं उघडायला लावली. तो म्हणाला, "जपानात बसून हे कसलं खूळ?"

मेल केली. वाघाच्या लेखातला एक उतारा धरून विचारलंय. तीन तासांत इतकं अदबीचं उत्तर आलं की वाचायला शब्दकोश लागला. पुढच्या मंगळवारची कुरोशिओ काढली आहे.

@बुरशीबुवा, त्सुकुबा या फेरीत जमणार नाही, पण पर्सिमन बघून फोटो टाकते. @क्योटोकर, कापूर बघेनच. अंगणात 'सेंदान'ही आहे असं वाचलं. शोधल्यावर कळलं, तो आपला बकाण निंब! शेवटच्या आजारात त्याला छतभर जांभळी फुलं दिसत होती आणि डॉक्टर आला तर ती नाहीशी होतील म्हणून बोलावू नका म्हणाला, ती याच झाडाची फुलं असं म्हणतात. मामाच्या दारातही बकाण आहे. तिकडे अजून फुललाय का, ते मात्र विचारायचं राहिलं.