बायकांचा इतिहास संग्रहालयातून आणि वर्गातून शिकवायचा, तर सुरुवात कुठून करू?

खडूफळा:

नमस्कार. मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मुलांना संग्रहालय दाखवायला नेलं होतं. निघायच्या आधी एक सोपं काम दिलं: प्रत्येक दालनात ज्या ज्या माणसाचं नाव लिहिलेलं दिसेल त्याची वहीत एक रेघ मारायची. पुरुषांचा रकाना वेगळा, बायकांचा वेगळा.

परत आल्यावर फळ्यावर सगळ्यांच्या रेघा एकत्र केल्या. डावीकडची जागा संपली, मी खाली बाण काढून पुढे लिहीत गेले. उजवीकडे चार रेघा. त्यातल्या दोन राण्या, एक देवी (मुलांनी देवीलाही मोजलं होतं, मी खोडलं नाही) आणि एक "अमुक यांची पत्नी", जिचं स्वतःचं नावच नव्हतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग तेव्हा बाकीच्या बायका काय करत होत्या?" तास संपत आला होता. मी म्हणाले, "घर सांभाळत होत्या." तिनं मान डोलावली आणि ते वहीत उतरवून घेतलं.

मुलं माझं बोलणं उतरवून घेतात, त्याचं ओझं मला त्या दिवशी फार जाणवलं. आठ मार्च आला की मी दरवर्षी पाच-सहा थोर स्त्रियांची चित्रं भिंतीवर लावते, त्यांच्यावर दहा ओळी लिहून घेते आणि एप्रिलमध्ये चित्रं काढून ठेवते. हे पुरेसं नाही एवढं कळतंय, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. महिन्याला फार तर दोन तास जादा मिळतात. संग्रहालयात काम केलेलं किंवा वर्गात असे प्रयोग केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. नावांची यादी नको, ती माझ्याकडे आहे. शिकवायचं कसं ते हवंय.

जुनी नोंदवही:

बाई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझी सगळी नोकरी डोळ्यांसमोरून गेली. मी सव्वीस वर्षं संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करत होते. म्हणून लांबलचक लिहिते, राग मानू नका.

दाखल नोंदवहीला रकाने असतात: क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन, माप, स्थिती, कुणाकडून मिळाली, आणि शेवटी शेरा. वस्तू कुणी बनवली आणि कुणी वापरली याला आमच्या वहीत रकानाच नव्हता. एकदा एका गृहस्थांनी आजीची सुईदोऱ्याची पेटी आणून दिली. आत बोटाला घालायची पितळी टोपी होती, सुईच्या मागच्या टोकानं चाळणीसारखी झालेली, आणि एका बाजूला तर आरपार गेलेली. पितळ आरपार जायला किती वर्षं शिवावं लागत असेल! मी नोंद केली: "पितळी टोपी, एक. स्थिती: खराब." दात्याच्या रकान्यात नातवाचं नाव. आजीचं नाव मी विचारलंसुद्धा नाही, कारण ते लिहायचं कुठे? पुढे मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं अशा गोष्टी लिहू लागले. पण ती आजी गेली ती गेलीच.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या मुलांनी मोजलेल्या चार रेघा म्हणजे इतिहासातल्या बायकांची संख्या नव्हे. नोंदी करणाऱ्यांनी काय विचारलं आणि काय विचारलं नाही, त्याचा तो हिशेब आहे. मुलांना हे सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.

फलक बदलला की वस्तू कशी बदलते, याचं एक ठळक उदाहरण म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. अणूचं विखंडन ज्या उपकरणांनी सापडलं ती एका लाकडी टेबलावर मांडलेली आहेत. कितीतरी वर्षं त्यावर फलक होता तो "ओटो हान यांचं कामाचं टेबल" असा. हान रसायनशास्त्रज्ञ; भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइट्नर १९०७ पासून त्यांच्याबरोबर काम करत होत्या आणि युरेनियमचं हे संशोधनही त्यांनीच पुढाकार घेऊन सुरू केलं होतं. ज्यू कुटुंबात जन्मल्यामुळे त्यांना जुलै १९३८ मध्ये जर्मनीतून लपूनछपून निघावं लागलं. निर्णायक प्रयोग झाला डिसेंबरमध्ये. आणि आकडे हाती आल्यावर 'हे घडलं कसं' याचा उलगडा केला तो माइट्नर आणि त्यांचे भाचे फ्रिश यांनी. नोबेल मात्र एकट्या हान यांना. टेबल तेच, तारा त्याच, फलकावर पुढे नावं वाढली. वर्गात आधी जुना फलक फळ्यावर लिहा, मग ही हकीकत सांगा आणि मुलांकडून नवा फलक लिहून घ्या. अट एकच, तीस शब्दांच्या वर जायचं नाही. कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं हे स्वतः ठरवायची वेळ आली की फलक लिहिणं किती जोखमीचं काम आहे ते त्यांना उमगेल.

दुसरी गोष्ट तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलीसाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक कापड आहे. साधं लिनन, त्यावर लाल रेशमी धाग्यानं फुलीच्या टाक्यात भरलेला मजकूर. वेल नाही, पान नाही, नुसती अक्षरं, ओळीखाली ओळ. एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीनं ते साधारण १८३० च्या सुमारास भरलं. 'मला लिहिता येत नाही, म्हणून कुणाशी बोलावं तसं हे इथे मांडते' अशा अर्थाची सुरुवात आहे. कामाच्या घरी मालकानं केलेले हाल, जीव द्यायचा मनात आलेला विचार, सगळं तिनं एकेक टाका घालत सांगितलंय. आणि शेवटी, माझ्या आत्म्याचं काय होईल, असं विचारता विचारता वाक्य अर्ध्यातच तुटतं. खाली कापड कोरं आहे.

ती त्यानंतर खूप वर्षं जगली, शिक्षिका झाली. हे मुलांना लगेच सांगू नका. आधी कापडाचं चित्र दाखवा, संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहे. हे कुणी केलं असेल, किती दिवस लागले असतील, आणि लिहिता येत नाही म्हणणारीला इतकी अक्षरं कशी आली, ते त्यांना विचारा. त्या शेवटच्या प्रश्नावर अख्खा तास जाईल. तो जाऊ द्या.

प्रयोगवही:

मी विज्ञान शिकवतो. खडूफळा बाई, ओझं एकट्या इतिहासाच्या तासानं वाहू नये असं मला वाटतं.

ताऱ्यांची अंतरं शिकवताना मी १९१२ सालचं हार्वर्ड वेधशाळेचं तीन पानी परिपत्रक मुलांसमोर ठेवतो. लहान मॅगेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेजवळची छोटी दीर्घिका; तिच्यातल्या पंचवीस चलताऱ्यांचा, म्हणजे तेज कमी-जास्त होत राहणाऱ्या ताऱ्यांचा, त्यात अभ्यास आहे. तेजस्विता आणि आवर्तनकाळ यांचा जो संबंध त्यात मांडलाय, त्याच्याच आधारे पुढे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचं दाखवलं. परिपत्रकाखाली सही आहे वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची. मी मुलांना सही वाचायला लावतो आणि विचारतो, शोध कुणाचा? सगळे म्हणतात, पिकरिंग. मग म्हणतो, आता पहिलं वाक्य वाचा. हे निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केलंय, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. हेन्रिएटा लेव्हिट. नाव लपवलेलं नव्हतं. वाचणाऱ्यांची नजर थेट सहीवर जात राहिली.

तिथल्या काचेच्या छायापट्टिकाही, म्हणजे आकाशाचे काचेवर घेतलेले फोटो, दाखवण्यासारख्या आहेत. पाच लाखांच्या वर पट्टिका, आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रिया काचेवरच शाईनं खुणा करायच्या: गोल, बाण, अंक. पुढे या पट्टिकांचं संगणकीय चित्रण करायचं ठरलं तेव्हा तारे स्वच्छ दिसावेत म्हणून त्या खुणा पुसाव्या लागल्या. पुसण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवले. आम्ही यावर वर्गात वाद घेतला होता: पुसायला हवं होतं का? एका मुलानं सांगितलं, "तारे परत बघता येतील, तिचा हात परत बघता येणार नाही." मी गप्प बसलो.

वेगळी वाट:

जुनी नोंदवही ताईंचं बरंचसं पटलं, पण एका बाबतीत माझा आग्रह आहे. सगळं आहे त्याच दालनात मिसळून शिकवावं, असा सूर इथे लागतोय. स्वतंत्र जागाही हवीच. जे इतरांनी गोळाच केलं नाही ते मिसळणार कुठून?

जर्मनीत बॉन इथे १९८१ मध्ये स्त्री-संग्रहालय उभं राहिलं, डेन्मार्कमध्ये आरहुसला त्याच सुमारास. व्हिएतनामच्या हनोईतल्या स्त्री-संग्रहालयात युद्धात लढलेल्या बायका आहेत, तशाच फेरीवाल्या बायकाही आहेत. खांद्यावर कावड घेऊन शहरभर फिरणारी बाई संग्रहालयात यायला तिला वेगळं दार लागलं. अमेरिकेत आज मार्च हा स्त्रियांच्या इतिहासाचा महिना मानतात, त्याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात १९७८ मध्ये शाळांसाठी भरवलेल्या एका आठवड्यात आहे. १९८० मध्ये तो देशभर झाला, १९८७ मध्ये त्याचा महिना झाला. म्हणजे वर्गातून सुरू झालेली गोष्ट संसदेपर्यंत गेली. त्यामुळे बाई, मार्चमधली चित्रं काढून टाकू नका.

आपल्या भाषेतलं उदाहरण द्यायचं तर ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची. पुढे ती जवळजवळ विस्मरणात गेली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणली. कुणीतरी मुद्दाम शोधायला बसल्याशिवाय असं काही हाती लागत नाही.

जुनी नोंदवही:

वेगळी वाट, तुमचं खरं आहे. मी मिसळण्याचा आग्रह धरते तो वेगळं दालन बंद पडलं की त्यातल्या वस्तू कुठे जातात ते पाहिलंय म्हणून. त्या तळघरात जातात. पण जमवण्यासाठी वेगळी जागा लागते, हे मान्य.

खडूफळा बाई, पुरावा तोच असून उत्तर कसं बदलतं ते दाखवायला बिर्काची कबर घ्या. स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंग काळातल्या गावातली, १८७८ साली उकरलेली. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या. एवढी शस्त्रं म्हणजे योद्धा, आणि योद्धा म्हणजे पुरुष, असं धरून चालले. २०१७ मध्ये हाडांच्या डीएनए तपासणीत ती बाई निघाली. लगेच शंका निघाल्या: हाडांची अदलाबदल झाली असेल, शस्त्रं नुसती मानाची असतील. पुरुष समजत होते तोवर हे प्रश्न कुणाला पडले नव्हते. शंका घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. घ्यायची तर दोघांबद्दल सारखी घ्यावी, एवढं मुलांकडून वदवून घ्या.

आणि एक गोष्ट, तुम्ही पुन्हा संग्रहालयात जाल तेव्हा दारातच सांगा. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांना १९२५ मध्ये आजच्या इराकमधल्या प्राचीन उर शहराच्या उत्खननात एका खोलीत वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकत्र मिळाल्या. सोबत मातीचं एक लहानसं नळकांडं, त्यावर जुन्या विटेवरच्या लेखाची नक्कल आणि ती वीट कुठली याची नोंद. वूलींनी त्याला संग्रहालयातला फलक मानलं. ती वास्तू होती बाबिलोनचा राजा नबोनिडस याच्या मुलीची, एन्निगाल्डी-नन्ना हिची. इसवी सनापूर्वी सहावं शतक.

खडूफळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले म्हणून उशिरा लिहितेय.

एलिझाबेथ पार्करचं कापड दाखवलं. पहिली पाच मिनिटं गोंगाट, मग एकानं फुल्या मोजायला घेतल्या आणि वर्ग शांत झाला. एका अक्षराला किती टाके लागतात ते मुलांनी चौकटीच्या कागदावर काढून पाहिलं, मग एका ओळीचा अंदाज बांधला. लिहिता येत नसताना अक्षरं कशी, यावर दोन तट पडले. काहींचं म्हणणं, तिला शाळेत फक्त शिवणातली अक्षरं शिकवली असतील. काहींचं म्हणणं, तिला लिहिता येत होतं, पण कागद दुसऱ्यांच्या हाती लागला असता. मी उत्तर दिलं नाही. ती पुढे शिक्षिका झाली हे सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी "बाई, तुमच्यासारखी!" असं ओरडलं, आणि मला दोन मिनिटं पुढे बोलता आलं नाही.

तास संपल्यावर त्या मुलीला जवळ बोलावलं. म्हटलं, त्या दिवशी मी घाईत चुकीचं उत्तर दिलं, तेवढी ओळ खोडून टाक. तिनं वही काढून दाखवली. "घर सांभाळत होत्या" ही ओळ तिनं तशीच ठेवली होती. पुढे पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं: "म्हणजे काय काय? आजीला विचारणे."

विचारलंस का, म्हटलं. म्हणाली, हो, तीन पानं झालीत, अजून संपलेलं नाही.