उबंटूमध्ये डिस्क वारंवार रीड-ओन्ली होते; फाइल सिस्टीम बिघडली असावी का?

प्रश्न (परभणी)

नमस्कार. आमच्या कृषी सेवा केंद्रातील डेस्कटॉपवर उबंटू २२.०४ आहे, साधी हार्ड डिस्क, पार्टिशन (डिस्कचा भाग) ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमचे. लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही मशीन बंद पडते. अलीकडे खतांच्या साठ्याची फाइल सेव्ह करताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ (फक्त वाचता येते, लिहिता येत नाही) असा संदेश येऊ लागला आहे, आणि मशीन पुन्हा सुरू केले की काही वेळ सर्व सुरळीत चालते. अशा वेळी ‘एफएससीके -वाय’ (फाइल सिस्टीम तपासून न विचारता दुरुस्त करणारी आज्ञा) चालवून मोकळे व्हावे का? बॅकअप मार्चअखेरचा आहे.

उत्तर (लातूर)

कृपया इतक्यात चालवू नका, आणि माउंट असलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) पार्टिशनवर तर कधीच नाही. ईएक्सटी४ मध्ये जर्नल (बदलांची आधीच ठेवलेली नोंद) असल्यामुळे केवळ लाइट गेल्याने तिची रचना सहसा मोडत नाही. काम चालू असताना पार्टिशन रीड-ओन्ली होते, याचा अर्थ कर्नलला (उबंटूच्या गाभ्याला) त्रुटी आढळली आणि आणखी नुकसान टाळण्यासाठी त्याने लिहिणे थांबवले. ही त्रुटी कशामुळे आली, ते आधी शोधावे लागेल.

पार्टिशन रीड-ओन्ली झाले की रीस्टार्ट करण्यापूर्वीच ‘सुडो डीमेसग’चा (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेचा) शेवटचा भाग पाहा. ‘ईएक्सटी४-एफएस एरर’च्या आधी ‘आय/ओ एरर’ (वाचण्या-लिहिण्यातील त्रुटी) किंवा ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील, तर दोष फाइल सिस्टीमच्या खाली, म्हणजे डिस्क, केबल किंवा वीजपुरवठ्यात आहे. मग ‘स्मार्टसीटीएल -ए’ने (डिस्कच्या प्रकृतीची नोंद दाखवणाऱ्या आज्ञेने) क्रमांक ५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर), १९७ आणि १९९ चे रॉ (मूळ) आकडे पाहा. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्कला काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत. अशा डिस्कवर एफएससीके म्हणजे आजारी माणसाकडून नांगरट करून घेणे. तेव्हा आधी ‘डीडीरेस्क्यू’ने (बिघडलेल्या डिस्कवरून वाचेल तेवढे उतरवणाऱ्या साधनाने) दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

प्रश्नकर्ता (परभणी)

५ आणि १९७ शून्य आहेत, १९९ मात्र २१४ आहे. डीमेसगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कची जोडणी पुन्हा सुरू केल्याचा संदेश) अनेकदा दिसते.

उत्तर (नांदेड)

मग संशय साटा केबलवर (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या तारेवर) घ्या. १९९ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील डेटा वाटेत बिघडल्याचा आकडा आहे. केबल बदलल्यावरही तो शून्य होत नाही. फक्त वाढायचा थांबतो, तेवढेच पाहावे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असेल तर तीही तपासा; साध्या मोडमध्ये बॅटरीवर बदल सावकाश होतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो.

उत्तर (लातूर)

सहमत आहे. केबल बदलून साठ्याच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, की लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून उबंटू थेट चालते अशा पेन ड्राइव्हवरून) मशीन सुरू करा, ‘एलएसबीएलके -एफ’ने (डिस्क व पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने) पार्टिशन ओळखा आणि ते माउंट नसल्याची खात्री करा. प्रथम ‘ई२एफएससीके -एफ -एन’ (ईएक्सटी४साठीचे एफएससीके) चालवावे, त्यात काहीच लिहिले जात नाही. त्रुटी मोजक्या असतील, तर ‘-एन’ वगळून पुन्हा चालवा. ही आज्ञा रचना सावरते, फाइलींतील मजकूर नव्हे. त्यामुळे नंतर ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये) काही आले आहे का ते पाहा आणि साठ्याची फाइल उघडून मार्चनंतरच्या नोंदी पावतीपुस्तकाशी ताडून घ्या.