अनुभव धागा: कामाच्या मधेच भेटलेलं वचन

उपदेश नकोत, ते रविवारी ऐकतोच. रोजचं काम करताना बायबलमधला एखादा शास्त्रभाग अचानक वेगळाच दिसला असेल, तर तेवढंच लिहा. चमत्कार हवाच असं नाही.

*

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना खुर्चीत बसवायचं म्हणजे माझा एक हात काखेखाली, दुसरा गुडघ्यांमागे आणि त्यांनी माझ्या मानेला घट्ट मिठी मारायची. मिठी सुटली की दोघी खाली. त्याच काळात यशया ४६ वाचनात आलं. बेल आणि नबो या बाबेलच्या मूर्ती जनावरांवर लादलेल्या, जनावरं ओझ्याने वाकलेली. आणि लगेच देव म्हणतो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहून नेईन. एक देव उचलावा लागणारा, एक उचलणारा! एरवी मूर्तींचं प्रकरण म्हणून मी पान उलटलं असतं. आता सासूबाईंना उचलताना हे मोठ्याने म्हणते. त्यांना कमी ऐकू येतं, पण 'केस पिकेपर्यंत'ला हसतात. माझी पाठदुखी मात्र आहे तिथेच आहे, हेही नमूद करते.

*

मी पगारपत्रकं करतो, त्यामुळे मत्तय २० मधल्या येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक म्हणजे मला डोकेदुखीच. दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दीनार, शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार. बरं, द्यायचंच होतं तर सकाळच्यांना आधी देऊन वाटेला लावायचं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण हा शेवटच्यांपासून वाटायला सांगतो, सगळ्यांदेखत. कृपा अशी उघड्यावर का वाटायची? ठरल्यापेक्षा कमी कुणालाच मिळालं नाही, मान्य. तरी सकाळच्यांची कुरकुर मला अजून पटते. चर्चच्या पाळकांशी वाद चालू आहे.

*

निर्गम १६. मान्ना म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना पुरवलेलं अन्न. उद्यासाठी राखलेल्या मान्न्यात किडे पडले, शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी, राखलेला मात्र टिकला. शनिवारी रात्री लॅपटॉप मिटताना मला एवढं पुरतं.

*

जरा वेगळा सूर लावते. माझा गर्भपात झाला तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणे, देव यातून काहीतरी शिकवतोय. लूक १३ मध्ये यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या १८ जणांचा विषय येशू स्वतःच काढतो. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? मुळीच नाही, म्हणतो. पश्चात्ताप करायला सांगतो तो ऐकणाऱ्यांना. हल्ली कुणाच्या दुःखात गेले की मी भांडी घासून देते, वचन सांगत नाही.

*

मी रात्रपाळीची नर्स. योहान २१ मध्ये शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकामे, सकाळी येशूच्या सांगण्यावरून टाकलं तेव्हा जाळं भरलं, आणि किनाऱ्यावर येशूने निखाऱ्यांवर मासळी ठेवलेली, सोबत भाकर. त्यांच्यातल्या पेत्राने येशूला नाकारलं होतं, तो हिशेब बाकीच. पण आधी न्याहारी, मग तीनदा तो प्रश्न, 'माझ्यावर प्रेम करतोस का?' आमच्याकडेही आता हाच क्रम. पाळीवरून आले की आधी सगळ्यांचं खाणं, मग लेकाचं प्रगतिपुस्तक. लेक म्हणतो, तिथे १५३ मासे होते, तू एका अंड्यावर भागवतेस.