जडत्व: यातला 'जड' नेमका कुठला?

शाळकरी मुलांसाठी गतीच्या नियमांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात वाक्य आलं: 'वजनरहित अवस्थेतही वस्तूचं जडत्व कायम राहतं.' मसुदा सहावीतल्या भाचीला वाचायला दिला. ती म्हणाली, "मावशी, वजनच नाही तर जड कसं?" मी म्हटलं, जडत्व म्हणजे जडपणा नव्हे. मग काय, ते मात्र मला चटकन सांगता आलं नाही. दुसरा शब्द आहे का? की तळटीप देऊन पुढे जाऊ?

* * *

शब्द बदलू नका. हा 'जड' जड-चेतन या जोडीतला. ज्याला आपणहून काही करता येत नाही, ते जड. इंग्रजीत जडत्वाला 'इनर्शिया' म्हणतात; तो ज्यावरून आला त्या लॅटिन 'इनर्स'चा अर्थही निष्क्रिय, आळशी असाच आहे. पारिभाषिक शब्द व्याख्येवर चालतो (बाहेरून बल लागेपर्यंत वस्तू आहे तशीच राहते, ते जडत्व), बोलीतल्या अर्थावर नाही.

* * *

व्याख्या मी गेली पंधरा वर्षं शिकवते आहे. तरी दरवर्षी पेपरात 'जड वस्तूला जडत्व असते, हलक्या वस्तूला नसते' हे वाक्य येतंच. ते खोडणं अवघड जातं, कारण वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त, एवढं त्यात खरं आहे. ताई, तुमच्या लेखात स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाचं उदाहरण घाला. १९७३ मध्ये तिथे अंतराळवीरांचं वस्तुमान मोजायला स्प्रिंगवर झुलणारी खुर्ची होती. तिथे वजनकाट्याचा उपयोग नाही. खुर्ची एका झोक्याला किती वेळ घेते, त्यावरून हिशोब. वस्तुमान जितकं जास्त, तितका झोका संथ. वजन जाणवत नव्हतं, जडत्व होतं तिथेच होतं. भाचीला हे पटेल.

* * *

मराठी विश्वकोशात जडत्वाला 'निरूढी' आहे की! बलाला प्रेरणा, त्वरणाला प्रवेग. 'निरूढी परिबल' (मोमेंट ऑफ इनर्शिया) माझ्या तोंडात अजून बसलेलं आहे. जडपणाचा घोळच नाही.

* * *

निरूढी म्हटलं की रूढी आठवते. आणि प्रेरणा आता मनाशी जोडली गेली आहे. टेबल सरकवताना कुणी प्रेरणा लावत नाही, जोर लावतं. बोलीत बघा ना. बसला ब्रेक लागला की उभ्या माणसाचा झोक जातो. पाय बसबरोबर थांबतात, वरचं अंग पुढे जातच राहतं. 'झोक' काय वाईट आहे?

* * *

झोक जाणं म्हणजे तोल जाणं. शिवाय थांबलेल्या वस्तूचं काय? गालिचा झटकताना गालिचा हलतो, धूळ जागच्या जागी राहते आणि म्हणून सुटी होते. तिथे झोक कुठला? आपणहून न हलणं आणि आपणहून न थांबणं, दोन्ही एका शब्दात यायला हवं. 'जड'मध्ये फक्त पहिलं दिसतं, ही माझी खरी तक्रार. केप्लरने इनर्शिया वापरला तो याच अपुऱ्या अर्थाने: वस्तू थांबू पाहते. न्यूटनने १६८७ मध्ये शब्द तोच ठेवला, अर्थ वाढवला.

* * *

आणि त्यानेच त्याला 'व्हिस इनर्शिए' म्हटलं. व्हिस म्हणजे बल! आपण मात्र मुलांना बजावतो की जडत्व हे बल नव्हे.

* * *

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात 'संस्कार' हा वस्तूचा एक गुण मानला आहे. त्याचे तीन प्रकार: वेग, भावना, स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जातो तो या वेगसंस्कारामुळे. स्थितिस्थापकता आपण तिथूनच घेतली, मग यासाठीही तिथेच का शोधू नये?

* * *

कारण तो संस्कार संपतो. तो संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो, असं त्यांचंच सूत्र आहे. जडत्व संपत नाही. फार तर संस्काराचं संवेगाशी (वस्तुमान गुणिले वेग) नातं जोडा.

* * *

हातोडीचं डोकं सैल झालं की माझे वडील डोकं वर ठेवून दांड्याचं खालचं टोक फरशीवर आपटायचे. दांडा जागीच थांबायचा, डोकं मात्र खाली सरकत राहून दांड्यावर घट्ट बसायचं. ते म्हणायचे, "भारानं बसतंय ते." त्यांना जडत्वच म्हणायचं होतं असं मला आज वाटतं. 'भार' का नको?

* * *

अहो, पण भार म्हणजे वजन की वस्तुमान? अणुभार म्हणतो तेव्हा वस्तुमान, भारवाहक म्हणतो तेव्हा वजन. विद्युतभारात तर दोन्ही नाहीत.