मदत हवी आहे : घटस्थापना ते भाऊबीज, एकच पगार

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो, घरात सहा माणसं आणि यंदा पगार एकच. सणांचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा, जरा सुचवा.

भोंडल्याची काळजी नाही. पाटावर हत्ती काढला की झालं, खिरापत जिची तिने आणायची असं सोसायटीत ठरलंय. (ओळखू येऊ नये म्हणून डबा हलवू न देणाऱ्या काकू यंदाही असतीलच!) कोजागिरीला मात्र थोरल्याची आश्विनी (मोठ्या मुलाला ओवाळणं), तेव्हा आटीव दूध हवंच. केशर-पिस्ते रविवार पेठेतून सुटे घेतले तर परवडतात का, की वेलची-जायफळावर भागवू?

खरा प्रश्न फराळाचा. सासूबाईंना विकतचं चालत नाही. चकलीची भाजणी घरीच भाजून गिरणीतून आणते : चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक मूग, अर्धी उडीद, वर धणे-जिरे. ती स्वस्तातच पडते. पैसे जातात ते तेला-तुपात. त्यात अनारसे! तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, आणि तळताना पीठ तुपात विरघळलं की सगळंच गेलं.

शेजारच्या चौघींनी मिळून मार्केट यार्डातून डाळी, गूळ, तेलाचे डबे आणले तर वाण्यापेक्षा खरंच फरक पडतो का, की वाचलेले पैसे टेम्पोतच जातात? कुणी केलं असेल तर सांगा.

आणि यंदा अनारसे नकोत, हे सासूबाईंना कसं सांगू?