फिट, कंबर आणि उशिरा कळलेल्या गोष्टी: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, कर्वेनगर

परवा लेकाच्या होस्टेलचा फॉर्म भरत होतो. त्यात 'काही आजार असल्यास' असा रकाना होता, तिथे त्याचं पेन थांबलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी 'फिट येतात' असं लिही म्हटलं, पण म्हणायला मलाही दोन सेकंद लागलेच, ते दोन सेकंद दिवसभर डोक्यातून जाईनात म्हणून हा धागा.

तो तिसरीत असताना बाई सारख्या सांगायच्या, लक्ष नसतं वर्गात, मधेच हरवतो. आम्ही रागवलो, टीव्ही बंद केला, एकदा मी हातही उचलला. वर्ष असंच गेलं. मग एका डॉक्टरांनी त्याच्यासमोर कागदाचा तुकडा धरला आणि सांगितलं, यावर जोरजोरात फुंकर मारत राहा. मिनिटभराने तो थांबला, नजर एका जागी, पापण्या फडफडल्या, आठ-दहा सेकंद, आणि परत फुंकायला लागला, जसं काही झालंच नाही. डॉक्टर म्हणाले बघितलंत ना, ही फिटच आहे, पडणं आणि हातपाय झाडणं म्हणजेच फिट असं नसतं. नंतर ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, तेच आलं. मुलगा दिवसातून कितीतरी वेळा 'जात' होता आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. गोळ्या सुरू केल्यावर महिनाभरात बाईंची तक्रार बंद झाली. नववीत मात्र एक मोठी फिट आली, त्यामुळे औषध अजून चालू आहे.

कंबरदुखीही याच धाग्यात घ्या, आमच्या घरात दोन्ही आहेत आणि दोन्हीकडे तेच झालं, नेमकं काय आहे ते कळायच्या आधी बराच काळ भलतंच काहीतरी समजत राहिलो. तुम्हाला काय उशिरा कळलं आणि मग कशाचा उपयोग झाला ते लिहा. एकच विनंती, दुसऱ्याला गोळ्या आणि डोस सुचवू नका.

हडपसरकर

ताई, तुमचं वाचून गलबललं. माझं कंबरेचं. हडपसर ते हिंजवडी चार वर्षं बाईकवर, आणि तिथे दहा तास खुर्ची. एक दिवस वाकून बुटाची लेस बांधली आणि डाव्या पायात वीज गेल्यासारखी कळ, ढुंगणापासून पोटरीपर्यंत. एमआरआय केला, त्यात एल ५ एस १ ची, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेलीय असं आलं. रिपोर्टमध्ये अजून तीन ठिकाणी काय काय लिहिलं होतं, ते वाचूनच मी अर्धा मेलो. तीन आठवडे पलंगावर पडून, आई जेवण हातात आणून द्यायची. उठलो तेव्हा दुखणं होतंच, वर मांड्यांतला जोरही गेलेला.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावलं, अंगठा दाबून बघितला. म्हणाले ताकद शाबूत आहे, लघवी-संडासवर कंट्रोल आहे, बहुतेकांचं असं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं, फक्त झोपून राहू नका. आणि ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचा एमआरआय काढला तरी सरकलेल्या गाद्या दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाऊल लुळं पडलं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत या, अपॉइंटमेंटची वाट बघू नका, हे त्यांनी बजावून सांगितलं, इथे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

फिजिओ मॅडमनी एक फार कामाची गोष्ट सांगितली. व्यायाम करताना कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेत यायला लागली तर कंबर जास्त दुखली तरी घाबरायचं नाही, ती बरं होत असल्याची खूण आहे, उलटी खाली सरकली तर मात्र तो व्यायाम थांबवायचा. हे माहीत नसतं तर मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं असतं. सुरुवात घराभोवती दहा मिनिटं चालून केली, तीन महिन्यांत तळजाई टेकडी चढून आलो. कंबरेचा बेल्ट कपाटात आहे.

पथकातला

मी १९ वर्षांचा, ढोल पथकात आहे. दहावीपासून सकाळी उठल्या उठल्या हात उडायचे, म्हणजे ब्रश हातातून उडून जायचा, चहाचा कप सुटायचा, आई म्हणायची नीट झोपत नाहीस, रात्रभर मोबाईल. मलाही तेच वाटायचं. मागच्या विसर्जनाला मी दीड दिवस जागा होतो, तुम्हाला माहितीच आहे पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, मी सकाळी सातला घरी आलो, शूज काढले आणि पुढचं काही आठवत नाही. जीभ चावलेली, खांदा ठणकत होता, आजी रडत होती.

पहिल्या डॉक्टरांना मी हात उडण्याचं सांगितलंच नाही, मला काय माहीत त्याचा संबंध आहे ते. त्यांनी जी गोळी दिली त्याने सकाळचे झटके वाढलेच. मग दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदूच्या डॉक्टरांनी) पहिलाच प्रश्न विचारला, सकाळी हातातून वस्तू उडतात का? मी आणि आईने एकमेकांकडे बघितलं. निदान झालं, जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हात उडण्याचा फिटचा प्रकार. काही गोळ्या एका प्रकारच्या फिटला चालतात आणि या प्रकारात त्रास वाढवतात, त्यामुळे प्रकार कळणं महत्त्वाचं, आणि तो बऱ्याचदा पेशंटने किंवा घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टीवरूनच कळतो. आता कुणाला दाखवायला जाणार असाल तर घरच्यांना फिटचा व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

गोळी बदलल्यापासून एकदाही फिट नाही. बाईक बंद केलीय, वनाजवरून मेट्रो. डॉक्टरांना विचारूनच वाजवतो, पण रात्री साडेदहाला घरी. पथकात सगळ्यांना सांगितलंय. आधी वाटलं होतं काढून टाकतील, पण दादाने माझ्या नावापुढे 'रात्री नाही' एवढंच लिहिलं.

कंडक्टर

मी बसवर कंडक्टर आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी स्वारगेटला गाडी लागली होती, एका माणसाला फिट आली. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी कांदा आणायला पळालं, आणि मी, हे लिहिताना आजही वाईट वाटतं, जीभ चावू नये म्हणून त्याच्या तोंडात माझी किल्ली घातली. दात तुटला त्याचा. शुद्धीवर आल्यावर तो माझ्याकडे बघून सॉरी म्हणाला, ते विसरता येत नाही.

माझी पुतणी नर्स आहे, तिने नंतर समजावलं. आता मी काय करतो ते लिहितो. आधी घड्याळ बघतो. आजूबाजूचं टोकदार, कडक काही असेल ते बाजूला, डोक्याखाली पिशवी किंवा स्वेटर, गळ्याचं बटण सैल, चष्मा काढून ठेवतो. हातपाय दाबून धरत नाही. झटके कमी झाले की एका कुशीवर वळवतो, लाळ बाहेर जाते. तोंडात काही नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, चप्पल-कांद्याने थांबली असं लोकांना म्हणून वाटतं. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, किंवा बाई गरोदर आहे, किंवा डोक्याला लागलंय, तर १०८. आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसून राहतो, कारण त्या वेळी माणूस घाबरलेला असतो.

दोन मुलांची आई, बिबवेवाडी

मला बाराव्या वर्षापासून फिटचा त्रास आहे. लग्नाच्या वेळी मावशी म्हणाली कळवू नकोस, मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. दोन स्थळं गेली, तिसरा आज माझा नवरा आहे. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, म्हणून लग्न रद्द करता येतं असं अजूनही काही लोक सांगतात, ती तरतूद कायद्यातून १९९९ मध्येच काढली आहे.

मुलींनो, मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला, राहिल्यावर नाही. मी वर्षानुवर्षं व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी घेत होते, त्याने बाळात व्यंग होण्याचा आणि पुढे शिकण्यात अडचण येण्याचा धोका असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, लग्नानंतर स्वतःहून विचारलं तेव्हा कळलं. गोळी हळूहळू बदलली, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू केलं. पण घाबरून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, माझ्या ओळखीत एकीने तेच केलं आणि सातव्या महिन्यात जोरात फिट येऊन पडली. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, अंगावर पाजलं. बाळाचं सगळं जमिनीवर चटईवर करायचे, अंघोळ एकटीने कधीच नाही. रात्रीचं एक दूध नवरा पाजायचा, वाटीत काढून ठेवलेलं, म्हणजे मला सलग झोप मिळायची. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नाही, पण त्यांनी माझी एक फिट बघितली, त्यानंतर बाहेरून कुणी काही बोललं तर त्याच उत्तर देतात.

आळंदी रोड

थोडंच लिहितो. आमचं माळकरी घर, अंडंसुद्धा नाही. वडिलांना ५२ व्या वर्षी पहिली फिट, एमआरआयमध्ये मेंदूत फीतकृमीची गाठ. आम्ही डॉक्टरांशी वाद घातला, हे डुकराच्या मांसातून होतं ना? त्यांनी समजावलं, मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो, पण त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, तिथून कच्च्या भाजीवर आणि न धुतलेल्या हातांवर येतात, आणि ती पोटात गेली की मेंदूत गाठ होऊ शकते, मग खाणारा शाकाहारी असो नाहीतर कुणीही. आता कोथिंबीर, पालक, मुळा दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय चिरत नाही.

पहाटे चारला जागी

मी २९. पाच वर्षं मला मसल स्पॅझम, स्ट्रेस, 'लग्न करा म्हणजे बरं वाटेल' असं ऐकवलं गेलं, शेवटचं एका डॉक्टरांकडून. माझं दुखणं उलटं होतं. पहाटे चारला दुखून जाग यायची, नऊपर्यंत कंबर लाकडासारखी, आणि कामाला लागलं की मोकळी. रविवारी आराम केला की सोमवार वाईट. हडपसरकर दादांच्या दुखण्यापेक्षा हे वेगळं आहे हे सांगायला कुणाला वेळच नव्हता.

कळलं ते डोळ्यामुळे. डावा डोळा लालभडक, उजेड सहन होईना, डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, सकाळी कंबर आखडते का? मी रडायलाच लागले. त्यांनी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कंबरेच्या सांध्यांचा एमआरआय, एचएलए बी २७ ची रक्ततपासणी, आणि निदान अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. हा फक्त पुरुषांचा आजार असा समज आहे म्हणून बायकांचं निदान उशिरा होतं. चाळिशीच्या आत सुरू झालं, तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललंय, आरामाने वाढतंय आणि हालचालीने कमी होतंय, तर कृपया मालिश करत बसू नका, दाखवा. आता औषध आहे, आणि रोज पोहणं. पहिल्यांदा सकाळी सहाला न दुखता उठले तेव्हा आईला उगाच हाक मारून उठवलं.

धागाकर्ती

सगळं लेकाला वाचून दाखवलं. पथकातल्या दादाचा व्हिडिओचा मुद्दा त्याला माहीत नव्हता, मलाही नव्हता. कंडक्टर काका, तुमचं लिहिलेलं त्याने मोठ्या अक्षरात उतरवून घेतलंय, होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून लावतो म्हणाला. मी म्हटलं आतून नको, बाहेरून लाव, रूममेटला दिसलं पाहिजे. लावतो म्हणालाय.