मदत हवी आहे : नेपियरच्या कॉफीयंत्रात ओढ मध्येच थांबते

ग्लासगोचे जहाजबांधणी अभियंते रॉबर्ट नेपियर यांनी १८४०च्या सुमारास बनवलेल्या निर्वात कॉफीयंत्राची चालती प्रतिकृती जुळवली आहे. बोरोसिलिकेट काचेचा ५०० मिलिलिटरचा चंबू, शेजारी चिनीमातीचे उभे भांडे, दोघांना जोडणारी वाकडी नळी. भांड्यातल्या टोकाला पितळी जाळी, तिच्यावर दुहेरी सुती फडके.

कृती जुनीच. भांड्यात ३०० मिलिलिटर उकळते पाणी आणि २० ग्रॅम कॉफी (चिकोरी नाही), चंबूत दोन चमचे पाणी. स्पिरिटच्या दिव्यावर ते उकळले की वाफ चंबूतली हवा नळीतून भांड्यात ढकलते. आधी मोठे बुडबुडे वर येतात. हवा संपली की वाफ जाळीपाशीच विरते, टकटक आवाज येतो. तेव्हाच दिवा काढायचा. वाफ निवते, पोकळी होते, कॉफी गाळून चंबूत येते.

इथे निम्मीच येते. चंबूचे बूच सैल केले की हवा सुस्स करून आत जाते, म्हणजे पोकळी टिकून आहे. बूच गळत नसावे. चढ फक्त २० सेंटिमीटर, आणि ९० अंशांच्या कॉफीवरही सुमारे ३ मीटर उचलण्याइतका दाबफरक उरतो. फडके चोंदते, हाच संशय. दळण आत्ता मोका पॉटला (शेगडीवरच्या इटालियन कॉफीच्या भांड्याला) चालेल इतके बारीक आहे.

कृपया सांगा : दळण रव्याइतके जाड करावे, की जाळीचा व्यास २ वरून ४ सेंटिमीटर करावा? फ्लॅनेल कुणी वापरले आहे का? फडके घट्ट बांधायला दोऱ्याऐवजी काय टिकते?